खडकदऱ्याचा मेसेज

"हर्षदा, हा मेसेज तू पाठवलास?"

खैरनार सरांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर इतका जवळ धरला, की वाचायला मला मान मागे घ्यावी लागली. त्यांच्या दुसऱ्या हातातला कप तिरका झाला होता आणि चहा शर्टाच्या बाहीवर सांडत होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

'खडकदरा धरणातून नदीपात्रात पाणी सोडले आहे. पात्रातील सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. जनावरे बाहेर काढावीत.'

खरं तर वाचायची गरज नव्हती. सकाळपासून हाच मजकूर, शब्द न् शब्द, माझ्या स्क्रीनवर होता.

"नाही सर," मी म्हणाले. पण माझा आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"मग कोणी पाठवला? एप्रिल महिना चाललाय. पिण्यापुरतं पाणी राखून ठेवलंय धरणात. एप्रिलमध्ये नदीत पाणी कोण सोडतं? आणि सकाळपासून या मजकुराशी खेळतंय कोण? तूच ना?"

पलीकडच्या टेबलावर फरहाना शेख बसायची. नेटवर्क आणि यंत्रांचं सगळं ती बघायची. तिने कानातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण 'तूच असशील' एवढं त्यात होतंच.

आमचं ऑफिस नाशिकला, सातपूरच्या बाजूला, एका ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वर होतं. माणसं मोजकी, काम मात्र जोखमीचं. खडकदरा धरणाच्या खाली बोरवती नदीवर एक जुना पूल आहे. त्या पुलाला आम्ही पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला होता. पाणी एकदम वाढलं की खालच्या गावांतल्या लोकांच्या फोनवर आपोआप हा ठरलेला मेसेज जायचा. ज्या कॉम्प्युटरवरून तो जायचा तो आमच्याकडे नव्हता, पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात होता. तिथल्या नोंदी, सेन्सरच्या आकड्यांसकट, आम्हाला रोज सकाळी एकदा मिळायच्या. म्हणजे आत्ता गेलेला मेसेज कुठून गेला, हे आमच्या खुर्चीत बसून दिसण्याची सोय नव्हती.

मी तिथे नवी होते. नोकरी अजून पक्की व्हायची होती. माझं काम होतं मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या टेस्ट लिहिणं, म्हणजे तो नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम. प्रोग्राम जावामध्ये लिहिलेला. इशारा तयार करणारा भाग वेगळा, गावाप्रमाणे फोन नंबर काढून देणारा भाग वेगळा आणि प्रत्यक्ष मेसेज पाठवणारा भाग वेगळा. इशारेवाला भाग नंबर आणि पाठवण्याचं काम स्वतः करत नाही, ते करणारे दोघे त्याला बाहेरून आणून द्यायचे असतात. टेस्ट करताना हे खरे दोघे द्यायचे नाहीत. त्यांच्या जागी मॉक द्यायचे, म्हणजे दिसायला तसेच, पण करत काहीच नाहीत. आम्हा सगळ्यांना शिकवणारा निरंजन वझरे त्यांना 'तोतये' म्हणायचा.

"तोतया नंबरवाला तू सांगशील तेच नंबर देतो," त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "आणि तोतया पाठवणारा काहीच पाठवत नाही. फक्त लक्षात ठेवतो, मला कोणी काय पाठवायला सांगितलं. मग तू त्याला विचारायचं. त्याने बरोबर सांगितलं तर टेस्ट हिरवी, नाहीतर लाल."

त्या दुपारी निरंजन असता तर प्रश्नच नव्हता. पण त्याच्या बहिणीचं लग्न होतं. त्याचा फोन लागत नव्हता.

"दाखव," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "तुझी टेस्ट खरा मेसेज पाठवत नाही, हे मला दाखव."

मी फाइल उघडली. मला एक गोष्ट आठवली, जी सरांना माहीत नव्हती.

गेल्या आठवड्यापर्यंत त्या प्रोग्राममध्ये एक खोड होती. नंबरवाला बाहेरून यायचा, पण पाठवणारा मात्र इशारेवाला स्वतःच आतल्या आत तयार करायचा. अशा वेळी टेस्टमध्ये तुम्ही कितीही हौसेने तोतया द्या, तो आत बसतच नाही. आणि वाईट म्हणजे कोणी तसं सांगतही नाही. टेस्ट गुपचूप खऱ्यालाच घेऊन चालते. निरंजनने लग्नाला जाण्याआधी ते दुरुस्त केलं होतं. आता दोघंही बाहेरूनच यायचे. त्याने केलेला बदल मी सकाळी आल्या आल्या माझ्या मशीनवर घेतला होता.

घेतला होता ना?

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही." मी फाइलमध्ये खाली सरकत गेले. नवा बदल होता. दोघं बाहेरून येत होते. पण हा बदल मघाची टेस्ट चालवण्याआधी घेतला की नंतर, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. सकाळी आल्यावर आधी पाणी प्यायले, फरहानाशी बोलले, मग मशीन सुरू केलं, मग काय केलं? रोजच्या सवयीच्या गोष्टी आठवायला गेलं की हाताला लागत नाहीत.

"सर, एक करते." मी टेबलाखाली वाकले आणि मशीनची नेटची वायर उपटली. "आता या मशीनमधून बाहेर काही जाऊ शकत नाही. खरा पाठवणारा आत असेल तर तो अडकेल आणि टेस्ट लाल होईल."

वायर हातात धरूनच मी टेस्ट चालवली. पट्टी सरकत गेली. हिरवी.

सुटकेचा श्वास अर्धाच घेतला असेन, तेवढ्यात सर म्हणाले, "हे आत्ताचं झालं. मेसेज गेला तेव्हाचं काय?"

हेच मला वाटत होतं, की ते विचारतील. आणि हेच विचारू नये, असंही वाटत होतं.

"तेव्हा कदाचित..." मी म्हणाले, "कदाचित माझ्याकडे जुना कोड असेल. मला खात्री नाही."

सर उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फरहाना, धरणावर फोन लाव. आणि खात्यात."

"केव्हाची लावतेय सर. धरणावर कोणी उचलत नाही. खात्यात उचलला, पण आपलं मशीन बघणारे साहेब रजेवर आहेत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे."

"परत लाव."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. कुठल्यातरी गावचे पोलीसपाटील होते. सर त्यांना "हो हो, चौकशी चाललीय, सांगतो" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवला आणि लगेच दुसरा आला. मग तिसरा. प्रत्येक फोननंतर त्यांचा चेहरा आणखी उतरत गेला.

खैरनार सर भित्रे नव्हते, हे मला आधीच सांगायला हवं होतं. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात पुलाच्या सेन्सरमध्ये वाहून आलेलं एक लुगडं अडकलं. सेन्सरने पाणी वाढलं असं धरलं आणि मेसेज गेला. कुसुंबवाडीचे लोक पोराबाळांना घेऊन दरड चढले. त्या गडबडीत एक म्हातारबाबा घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. पाणी आलंच नव्हतं. सर स्वतः दवाखान्यात त्यांच्या उशाशी जाऊन बसत. ते बाबा पुन्हा चालले नाहीत. तेव्हापासून सर एकच म्हणायचे, "एकदा खोटं बोललो, त्याला क्षमा आहे. दुसऱ्यांदा बोललो, तर तिसऱ्यांदा खरं बोलूनही कोणी जागचं हलणार नाही."

"रद्द करू," सर म्हणाले. "जितका उशीर, तितकी पळापळ. स्क्रीन उघड."

हाताने मेसेज पाठवायची एक सोय माझ्या आणि फरहानाच्या मशीनवर होती. मी ती उघडली. सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच टाइप केलं. 'आधीचा संदेश तांत्रिक चुकीमुळे गेला आहे. धरणातून पाणी सोडलेले नाही. कृपया दुर्लक्ष करावे.'

"काही कमीजास्त?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही तो मेसेज जावा असंच वाटत होतं. तो गेला असता की हे सगळं संपलं असतं. चूक माझी ठरली असती, नोकरी गेली असती, पण निदान सरांचे फोन तरी थांबले असते.

माझ्या टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजला.

"हॅलो, ते मेसेजवाल्यांचं हापिस का?" बाईचा आवाज होता, चढा, धापा टाकणारा.

"हो. कोण बोलतंय?"

"मी लताबाई अहिरे. कुसुंबवाडीची सरपंच. ते पाणी सोडल्याचं खरं का खोटं, ते सांगा आधी. यात्रा तोंडावर आलीये. सगळ्या गावाच्या गोधड्या धुवायला बाया नदीतल्या डोहावर उतरल्यात. वाळूत कलिंगडवाले ऱ्हातात, त्यांची झोपडी, पोरं, शेरडं, सगळं पात्रातच हाये. निम्म्या बाया वर आल्यात, निम्म्या म्हनतात मागल्यासारखं खोटंच असंल. मी काय सांगू त्यांना?"

सरांनी हाताने खूण केली. खोटं आहे, सांग.

मी तोंड उघडलं. आणि 'खोटं आहे' म्हणायच्या आधी माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. इतका साधा, की तो आधी कसा आला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

"लताबाई, मेसेज तुमच्याच फोनवर आला?"

"मंग काय शेजारनीच्या? माझ्याच फोनवर. म्हनून तर तुमाला लावला."

लताबाईंचा नंबर माझ्या टेस्टमध्ये नव्हता.

कोणाचाच नव्हता. माझ्या तोतया नंबरवाल्याने द्यायचे दोन नंबर मी स्वतः बनवलेले होते, सगळे नऊ आणि सगळे आठ. जगात कोणाचेही नसतील असे. आणि नंबरवाला तर जुन्या कोडमध्येही बाहेरूनच यायचा, त्याच्या जागी माझा तोतयाच होता. तेव्हा माझ्याकडे अगदी जुना कोड असता, खरा पाठवणारा आत बसला असता, तरी त्याने तो मेसेज त्या दोन बनावट नंबरांना पाठवला असता. लताबाईंना नाही. पोलीसपाटलांना नाही. खैरनार सरांना तर मुळीच नाही. सर मघापासून त्यांचा फोन माझ्यापुढे नाचवत होते, आणि मी त्या मेसेजकडे बघून माझा गुन्हा आठवत बसले होते.

मेसेज माझा नव्हता. म्हणजे पुलावरच्या सेन्सरचा होता.

"मॅडम, आईकताय ना?"

"ऐकतेय लताबाई." मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "सगळ्यांना वर काढा. गोधड्या राहू द्या. कलिंगडवाल्यांनाही बाहेर काढा."

सरांनी कपाळावर हात मारला.

"म्हंजे पानी आलंय?"

"मला अजून माहीत नाही. धरणावर फोन लागत नाहीये. पण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही वर काढा, मी कळवते."

"वो, नीट सांगा ना! हो का नाय?"

"मला माहीत नाही, लताबाई. पण तुमची मुलगी नदीत असती तर मी तिला वर ये म्हणाले असते."

लताबाई फोनकडे पाठ करून कोणावर तरी ओरडल्या आणि फोन बंद झाला.

"काय केलंस तू हे?" सरांनी विचारलं. अजूनही ओरडत नव्हते, पण आवाज घट्ट झाला होता.

मी त्यांना नंबरांचं सांगितलं. भराभर सांगितलं, शब्द अडखळले, पण सर मुळात प्रोग्रामरच होते. अर्ध्यातच त्यांना कळलं. त्यांनी माझी टेस्ट खाली सरकवली आणि ते दोन बनावट नंबर बोट ठेवून पाहिले.

"बरं," ते म्हणाले. "तुझा नाही. मान्य. मग सेन्सर बिघडलाय. पुन्हा काहीतरी अडकलंय त्यात."

"असेल."

"असेल काय? तेच असणार. एप्रिल आहे, हर्षदा!"

"असेल सर. पण आपल्याला ते माहीत नाही. आणि या मेसेजमध्ये आपण लिहिलंय, 'पाणी सोडलेले नाही'. हे आपल्याला कोणी सांगितलं?"

त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि मेसेज पाठवायचं बटण दाबलं.

स्क्रीनवर चूक आली. नेट नाही.

वायर माझ्या मांडीवर होती. टेस्टसाठी काढलेली, परत लावायची राहून गेलेली. मला स्वतःलाही ती तिथे आहे याचं भान नव्हतं. सरांनी ती पाहिली.

"वायर दे."

"नाही सर."

"हर्षदा, तिकडे पुन्हा एखादा म्हातारा दरडीवरून पडला तर? त्याच्या घरी तू जाणार आहेस? मी गेलोय. मला माहितीय काय असतं ते."

"मला नाही माहीत." मला रडू येत होतं, आणि रडले तर तो मुद्दा तिथेच संपेल, एवढं कळत होतं. "पण धरणावरचं कोणी बोलेपर्यंत थांबू सर. तेवढंच म्हणतेय. मग मी स्वतः बटण दाबते."

सर वळले आणि फरहानाच्या टेबलाकडे गेले. तिच्या मशीनवर तीच सोय होती, आणि तिची वायर जागच्या जागी होती. फरहाना एका कानाला ऑफिसचा मोबाइल आणि दुसऱ्या कानाला स्वतःचा मोबाइल लावून बसली होती. ती उठली नाही. खुर्ची मागे सरकवली नाही. सरांकडे बघितलंही नाही. फक्त एक बोट वर केलं, थांबा असं, आणि त्या बोटासमोर आमचे साहेब खरंच थांबले.

"हॅलो?" फरहाना म्हणाली. "हॅलो, खडकदरा का? कोण बोलताय ताई?"

तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. आवाज एका बाईचा होता. धरणावरच्या ऑपरेटरची बायको. तिथल्या क्वार्टरमधला फोन तिने उचलला होता.

"इथं घरी कोणी नाही हो. सगळे मोरीकडे पळालेत."

"कुठे?"

"खालच्या मोरीकडं. धरणाच्या तळाला दार असतं ना, ते. दर उन्हाळ्यात उघडून बघतात, ग्रीस लावतात. आज उघडलं ते अडकलंच. खाली येईना. दुपारपासून पाणी चाललंय नदीत. आमचे हे म्हणाले, क्रेन मागवलीय."



सरांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. तसेच वाकून ते म्हणाले, "कुसुंबवाडीला लाव. लगेच."

मी लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुलापासून कुसुंबवाडीपर्यंत यायला पाण्याला तासाभराचा वेळ लागतो, असा आमचा अंदाज होता. पण तो पावसाळ्यातल्या भरलेल्या नदीचा. कोरड्या वाळूतून येणाऱ्या पाण्याचा अंदाज आम्ही कधी केलाच नव्हता. आणि मेसेज आल्यापासून किती वेळ गेला, हे तिघांपैकी कोणालाही धड सांगता येत नव्हतं.

तिसऱ्यांदा लताबाईंनी उचलला.

"लताबाई, खरं आहे! पाणी खरं आहे! मोरीचं दार अडकलंय. सगळे बाहेर आले का?"

"वर आल्यात. बहुतेक आल्यात." त्या पळत होत्या. वारा फोनमध्ये घुसत होता. "कलिंगडवाले शेरडं काढत्यात. एक मिनिट. एक मिनिट थांबा..."

मग त्यांनी फोन बंद केला नाही, नुसता खाली धरला असावा. फरहानाने आमच्या फोनचा स्पीकर सुरू केला. आधी नुसता गलका. भांड्यांचा आवाज, शेळ्या, एक मूल सारखं रडतंय. मग कोणीतरी पुरुष लांबून ओरडला, "आलं! आलं बघा!"

पाण्याचा आवाज मोठा असेल असं मला वाटलं होतं. तसा नव्हता. गलका मात्र एकदम थांबला. सगळं गाव एकाच वेळी गप्प झालं, आणि त्या गप्प होण्यातून आम्हाला कळलं की पाणी तिथे पोचलं आहे.

मग नावं सुरू झाली.

"सखू! ए सखू!"

"हाय! हाय मी!"

"भागाबाई?"

"हितं हाय."

"धोंडूची पोरं? धोंडू, पोरं घेतली का?"

"घेतली! तिन्ही घेतली!"

एक हाक, एक उत्तर. कधी उत्तर लगेच यायचं, कधी दोन-तीन हाकांनंतर. फरहाना डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, ती बहुधा दुआ करत होती. सर जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी वायर हातात घट्ट धरून होते, जणू ती सोडली तर पलीकडे काहीतरी निसटेल.

"तुळसा!"

उत्तर नाही.

"तुळसाबाई! कोनी तुळसाला पाह्यलं का?"

"मघा गोधड्या काढत व्हती."

"वर नाय आली?"

"म्या म्हनलं चल, तर म्हनली ही शेवटची पिळते."

"तुळसा!" आता लताबाईंचा आवाज होता, फाटलेला. "अगं तुळसा! कुठं हायेस गं?"

आणखी कोणीतरी हाक मारली. मग पुरुषांनी मारली. मग सगळ्यांनी मिळून. इतक्या माणसांनी एकच नाव एकाच वेळी हाकारलेलं मी आयुष्यात पुन्हा कधी ऐकलं नाही. आमच्या ऑफिसमध्ये, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वर, ते नाव भिंतींवर आदळत होतं. सरांनी चेहरा हातांत झाकला होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, मी आधी का नाही विचारलं, आधी का नाही विचारलं, पण काय आधी विचारायचं होतं, तेही मला धड कळत नव्हतं.

"तुळसा!"

"काय गं!" एकदम जवळून, चिडका आवाज आला. "किती वरडता? हितं तर हाये, वडाच्या मागं. वली गोधडी किती जड असती ठाव हाये का? दम खाया बसले व्हते."

तिकडे कोणीतरी हसलं. मग कोणीतरी तिला शिव्या घातल्या, मायेच्या, अगदी निवडक. मग लताबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला असावा. त्या बोलल्या नाहीत. मला फक्त त्यांचं रडणं ऐकू आलं, आणि मी माझं त्यांना ऐकू दिलं.

मोरीचं दार त्या संध्याकाळी क्रेनने खाली बसवलं. कुसुंबवाडीचं माणूस एकही गेलं नाही. कलिंगडाचे वेल सगळे वाहून गेले, तोडणीला आलेली फळं बंधाऱ्यापर्यंत तरंगत गेली. दोन शेळ्या गेल्या. अर्ध्या गावाच्या गोधड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सर तिकडे जाऊन आले. लोकांनी त्यांचं कौतुक केलं नाही. उलट कलिंगडवाले अंगावर धावून आले, की दुपारपासून दार अडकलंय तर धरणावरून फोन का नाही केला? त्यांचं बरोबर होतं. सरांनी हेच खात्याला लिहून कळवलं. आणि रद्द करायच्या मेसेजला धरणावरच्या माणसाचा होकार हवा, असा बदल त्यांनी प्रोग्राममध्ये स्वतः बसून केला. त्याच्या टेस्ट मला लिहायला दिल्या. बाकी त्या दुपारबद्दल आम्ही तिघं कधी बोललो नाही.

यात्रा होऊन गेल्यावर एकदा लताबाईंचा फोन आला. आधी त्यांनी मला बराच वेळ झाडलं. मेसेजमध्ये 'तत्काळ' लिहिता, ते कोणाला कळतं? 'लगेच' लिहायला काय होतं? आमच्या बाया अर्ध्या तिथेच अडल्या. मी ऐकून घेतलं आणि बदलते म्हणाले.

"आनि हे नंबर घ्या लिहून," त्या म्हणाल्या.

"कोणाचे?"

"त्या दिशी ज्यांना मेसेज आला नाय, त्यांचे. फोनच नव्हते त्यांच्याकडं. आता घेतलेत."

मी कागद ओढला. लताबाई एकेक नाव आणि नंबर सावकाश सांगत गेल्या, मी लिहून पुन्हा वाचून दाखवत गेले. बऱ्याच वेळाने त्या थांबल्या.

"एवढेच?" मी विचारलं.

"नाय, अजून एक हाये." मागे कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. लताबाई हसल्या. "हितंच बसलीये. म्हनती, मीच सांगते."

आणि मग तुळसाबाईंनी, पाठ केल्यासारखा, एकही आकडा न चुकता, स्वतःचा नंबर मला सांगितला.